दवनीवाड्याची टोळी आणि सर्व्हरचा ड्रायव्हर

२६ नोव्हेंबर २००७, सोमवार

आज सर्व्हर आला. समाजाच्या ऑफिसात, म्हणजे माझ्या ताब्यात. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं काढून टाकलेला. आमचे सचिव तिलकभाऊ बिसेन, त्यांचा भाचा तिथं कामाला. त्यानं ट्रान्सपोर्टनं पाठवला. सोबत विंडोज २००० सर्व्हरची सीडी आणि एक फ्लॉपी.

चालणारी मशीन कोणी फुकट काऊन देईल? तिलकभाऊंना विचारलं. ते म्हणाले, लोकेंद्र, तू मशीन लाव, बाकी मी पाहून घेतो. माणूस असं केव्हा बोलतो?

२३ डिसेंबरला गोंदियात आपल्या समाजाचा वधू-वर परिचय मेळावा. सगळ्यांचे बायोडाटा या सर्व्हरवर, फोटो हॉलमधल्या पडद्यावर. जबाबदारी माझी. सिस्टीम इन्चार्ज ही पोस्ट तिलकभाऊंनी तोंडी दिली आहे. लेखी मागितली तर हसले.

निश्चय: सर्व्हर उद्यापर्यंत चालू. परवा तर नक्कीच.

२७ नोव्हेंबर

सीडी टाकली. निळा पडदा आला, बरंच काही लोड झालं. शेवटी म्हणे, या कॉम्प्युटरमध्ये हार्ड डिस्कच नाही.

खोलून पाहिलं. तीन डिस्क समोर बसल्या आहेत. तिन्ही एका कार्डाला जोडलेल्या. त्या कार्डाचं नाव ॲरे कंट्रोलर. तिन्ही डिस्क मिळून तो एकच दाखवतो आणि एक मेली तरी डेटा वाचतो, असं भाच्यानं फोनवर सांगितलं. विंडोज जुनी आहे, तिला हे कार्ड ओळखता येत नाही, म्हणून ड्रायव्हरची फ्लॉपी दिली आहे. सेटअप सुरू होताना खाली एक ओळ येते, तेवढ्यात एफ सिक्स दाबायचं, मग तो फ्लॉपी मागतो.

एक गोष्ट खटकली. मी हॅलो म्हटल्याबरोबर भाचा म्हणाला, डिस्क दिसत नसेल. याला आधीच कसं माहीत?

२८ नोव्हेंबर

फ्लॉपीत व्हायरस असणार. पुण्याहून एवढ्या प्रेमानं पाठवलेल्या वस्तूत दुसरं काय असेल. खबरदारी म्हणून आधी फॉरमॅट मारली. फ्लॉपी आता एकदम सुरक्षित.

मग सेटअप लावला, एफ सिक्स दाबलं, फ्लॉपी दिली. म्हणे, फ्लॉपीत ड्रायव्हर सापडत नाही.

म्हणजे भाच्यानं रिकामी फ्लॉपी पाठवली. संशय पक्का.

३० नोव्हेंबर

तिलकभाऊंनी मला न विचारता डेटा एंट्रीला एक मुलगी आणून बसवली. सोनिका रहांगडाले, बी.कॉम., दवनीवाड्याची. जुन्या पीसीवर बायोडाटा टाइप करणार.

माझ्याकडे वळून म्हणाली, तुम्ही सकाळपासून त्या डब्ब्यासमोरच बसून राहिले, जेवले का? मी म्हटलं, तो डब्बा नाही, सर्व्हर आहे. मग म्हणे, घरी कोण कोण असतं? आई एकटी का? स्वयंपाक कोण करतं?

सर्व्हरबद्दल एकही प्रश्न नाही. आपल्याला सर्व्हरशी काही घेणंदेणं नाही असं ज्याला दाखवायचं असतं, तोच असा वागतो. लक्ष ठेवणे.

३ डिसेंबर

विचार केला, तीन डिस्कपैकी एखादी नुसतं खोकं असेल तर? फसवणूक अशीच होते. मशीन चालू असताना मधली डिस्क बाहेर ओढली. वजनावरून खरी वाटली. परत बसवली.

तेव्हापासून सर्व्हर बोंबलून राहिला. टीं टीं टीं. बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा टीं टीं. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर वर येऊन म्हणाले, पेशंट घाबरतात. हा माणूस दोन वर्षांत कधी वर आला नव्हता. आजच कसा आला?

भाच्याला फोन लावला. म्हणाला, डिस्क कोणी काढली होती का? मी सांगितलं, इथं कोणी कशाला हात लावत नाही. तो म्हणाला, मग आपोआप दुरुस्त होईल, तसंच चालू राहू द्या. संध्याकाळी खरंच आवाज थांबला. त्यानं पुण्यात बसून थांबवला असणार. फोनची वायर काढून ठेवली.

५ डिसेंबर

सोनिकानं घरून लाखोरीच्या डाळीचे वडे आणले. डबा थेट माझ्या टेबलावर. मी आधी तिलकभाऊंना बोलावलं आणि दोन खायला लावले. थोडा वेळ थांबून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी आणखी चार खाल्ले. माझ्यासाठी एक उरला. गार होता. चव चांगली होती, हे मान्य करावं लागेल.

ती विचारत होती, तुम्हाला तिखट चालतं ना? मी म्हटलं, काऊन? तर म्हणे, असंच.

असंच कोणी काही विचारत नाही.

८ डिसेंबर, शनिवार

भाच्यावर अवलंबून राहणं बंद. सायबर कॅफेत जाऊन ड्रायव्हर मीच शोधला. कार्डाच्या नंबरात शेवटी एक आकडा वेगळा आहे, बाकी तोच. तेवढं चालतं. बाजारात फ्लॉपी मिळत नाही. दुकानदार म्हणाला, भैया, अब कौन लेता है. मालच बाजारातून गायब केला म्हणजे झालं.

होती तीच फ्लॉपी वापरली. एफ सिक्स दाबलं, फ्लॉपी दिली, त्यानं घेतली. मी उठून उभा राहिलो. सोनिकानंही टायपिंग थांबवलं. पुढच्याच मिनिटाला निळा पडदा, पांढरी अक्षरं, सगळं ठप्प.

ती म्हणाली, राहू द्या, होईल. आवाज मऊ होता. होईल म्हणजे काय होईल, हे तिनं सांगितलं नाही.

१० डिसेंबर, सोमवार

आज मामला उघड झाला.

दुपारी एक म्हातारा आला. पांढरं धोतर, स्वच्छ टोपी, हातात छत्री. डिसेंबरात छत्री. सोनिका नेमकी त्याच वेळी पोस्टात गेलेली. म्हातारा माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसला आणि मला वरून खालपर्यंत पाहून राहिला. काय काम, विचारलं. म्हणाला, काही नाही, दवनीवाड्याहून आलो, असाच.

दवनीवाड्याहून. सोनिकाही तिथलीच. म्हणजे टोळी आहे.

मी सावध झालो. त्यानं एकेक प्रश्न सोडायला सुरुवात केली.

घरी किती वाजता जाता? ऑफिस रिकामं केव्हा असतं ते याला हवं होतं. मी सांगितलं, घरी जातच नाही, रात्रंदिवस इथंच असतो.

मग आई? म्हटलं, आई एकटी राहते, तिला सवय आहे.

शेती किती? म्हटलं, होती, विकून खाल्ली. (पाच एकर धानाची आहे, पण चोराला कायले सांगायचं.)

राग येतो का? म्हटलं, फार. एकदा एकाचं डोकं फोडलं होतं. हे ऐकून त्यानं छत्री उचलून मांडीवर घेतली.

पुढं काय करायचा विचार आहे? म्हटलं, दुबईला जाणार, परत येणार नाही.

म्हाताऱ्यानं टोपी सारखी केली. मग म्हणाला, पोरगी तर वेगळंच सांगत होती. आणि उठून गेला. बघा, शेवटी तोंडातून निघालंच. पोरगी इथल्या बातम्या बाहेर पोचवते.

इतक्या सफाईनं मी कधी कोणाला परतवलं नव्हतं.

११ डिसेंबर

सोनिका आज बोलली नाही. डोळे सुजलेले. पकडले गेल्यावर असंच होतं.

तिलकभाऊंना रिपोर्ट दिला: सर्व्हर सुरक्षित होईपर्यंत डेटा एंट्री बंद ठेवावी, पोरींचे फोटो बाहेर जाऊ शकतात. त्यांनी संशयिताचं नाव विचारलं. मी नुसतं तिच्या खुर्चीकडे पाहिलं. तिलकभाऊ म्हणाले, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? मी म्हटलं, ठिकाणावर आहे म्हणूनच सांगून राहिलो. जुन्या पीसीला पासवर्ड टाकला.

१४ डिसेंबर

बायोडाट्यांचा ढीग खिडकीपर्यंत गेला. सर्व्हर अजून तिथंच: हार्ड डिस्क सापडत नाही. वेगवेगळ्या वेळी एफ सिक्स दाबून पाहिलं. लवकर, उशिरा, सतत. बटणाचं अक्षर पुसलं.

तिलकभाऊ आले आणि ढीग उचलून सोनिकाच्या हातात दिला. तिच्या भावाचा लॅपटॉप आहे, ती घरूनच करेल, म्हणाले. मी आक्षेप नोंदवला. ते म्हणाले, नोंदव.

पुण्याहून भाच्याचं कुरिअर आलं. छोटं, चपटं पाकीट. उघडलं नाही. हा माणूस आता इतका उतावळा काऊन झाला?

१७ डिसेंबर

आई मेळाव्याचा फॉर्म भर म्हणून मागं लागली आहे. मी तेहतीसचा झालो, तिला घाई. मी म्हटलं, सर्व्हर सुरक्षित झाल्याशिवाय माझी माहिती मी कुठंच देणार नाही. आई म्हणाली, तुझी माहिती चोरून कोणी काय करल रे?

तिच्या बोलण्यात काहीतरी होतं. मागच्या महिन्यात ती तिलकभाऊंच्या घरी दोनदा जाऊन आली. हळदीकुंकू म्हणे. नोव्हेंबरात कसलं हळदीकुंकू?

निश्चय: २२ पर्यंत सर्व्हर चालू. नाही झाला तर त्यामागचे हात मंचावरून जाहीर करणार.

२२ डिसेंबर

आज मशीनमध्ये वीज येईना. लोडशेडिंग होतं. आमच्याच फीडरला होतं, समोरच्या गल्लीत दिवे होते.

२३ डिसेंबर, रविवार

मेळावा झाला. सर्व्हरशिवाय.

सोनिका मंचाच्या बाजूला लॅपटॉप घेऊन बसली. नाव पुकारलं की फोटो पडद्यावर. दिवसभर एकदाही अडकलं नाही. मी मागच्या दारात उभं राहून संशयास्पद लोकांवर लक्ष ठेवत होतो.

दुपारी तो म्हातारा दिसला. तीच छत्री. मी पुढं सरकलो, तेवढ्यात माइकवर सांगितलं की दवनीवाड्याचे उदेलाल रहांगडाले यांच्या मुलीचं, चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी सोनिकाचं, तिरोड्याच्या एका शिक्षकाशी जमलं आहे. म्हातारा मंचावर गेला, पेढा वाटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण सगळे माझ्याकडे पाहत आहेत असं वाटलं. कोणीच पाहत नव्हतं.

परत येताना रिक्षात आईनं सगळं सांगितलं. तूच म्हणत होतास ना, पोरगी पाहाले कुठंच जाणार नाही, म्हणून. मग मी आणि तिलकभाऊनं पोरगीच ऑफिसात आणली. तिले तू पसंत होतास. बाप पाहाले आला, तर तू त्याले डोकं फोडल्याचं सांगितलंस. कोणाचं फोडलंस रे तू?

मी म्हटलं, कोणाचंच नाही.

आई म्हणाली, मले माहीत आहे.

म्हणजे कट होता. तिलकभाऊ, आई, सोनिका, म्हातारा, सगळे सामील. माझा अंदाज पहिल्यापासून बरोबर होता.

हे आईला सांगितलं नाही.

२४ डिसेंबर

सोनिका ऑफिसची किल्ली परत द्यायला आली. तिलकभाऊ नव्हते. उभीच राहिली. म्हणाली, एक विचारू? बाबांना तसं काऊन सांगितलं? नाही म्हणायचं होतं, तर मला सरळ सांगायचं.

मी सुरक्षेचं कारण सांगायला सुरुवात केली. मध्येच माझं मलाच ऐकू आलं आणि थांबलो. म्हटलं, मला ते चोर वाटले.

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. म्हणाली, बाबा घरी येऊन जेवले नाहीत त्या दिवशी. मी सांगितलं होतं त्यांना, माणूस साधा आहे, आईची काळजी घेतो.

मी म्हटलं, वडे चांगले होते.

ती म्हणाली, माहीत आहे, तिलककाकांनी सांगितलं. किल्ली टेबलावर ठेवली. जाताना दार हळू लावून घेतलं.

२७ डिसेंबर, गुरुवार

तिलकभाऊ म्हणाले, मेळावा आता दोन वर्षांनी, मशीन कपड्यात गुंडाळून माळ्यावर टाक. मी म्हटलं, एकदा पाहतो.

भाच्याचं पाकीट फोडलं. आत नवी फ्लॉपी, वर कार्डाचा नंबर पेननं लिहिलेला. फॉरमॅट मारली नाही. सेटअप लावला, खाली ओळ आली, एफ सिक्स एकदाच दाबलं. त्यानं फ्लॉपी मागितली, दिली. कंट्रोलरचं नाव पडद्यावर आलं. पुढं डिस्क दिसली. तिन्ही मिळून एक, सांगितल्याप्रमाणे.

सांगायला मागं वळलो. तिच्या खुर्चीवर कोणीतरी मेळाव्यातल्या हारांची टोपली ठेवली होती.

भाच्याला फोन केला. चालू झाला, म्हटलं. तो म्हणाला, अरे वा, अडचण काय होती? मी म्हटलं, फ्लॉपी खराब होती.

दुपारपर्यंत विंडोज बसली. शेवटी विचारलं, ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड काय ठेवायचा. बराच वेळ बोटं बटणांवर ठेवून बसलो. मग रिकामाच सोडला. म्हणे, रिकामा पासवर्ड सुरक्षित नाही, तरी ठेवायचा का?

हो दाबलं.