रक्त कोणाचं?

कार्डिफ, मंगळवार संध्याकाळ

आज माझ्या क्लिनिकमध्ये एका सासूनं सुनेच्या झिंज्या धरल्या. "हिच्या घाणेरड्या रक्तानं माझ्या नातवाला सिकल सेल झाला!" सून ओरडलीसुद्धा नाही. सवय असणार.

मी मध्ये पडले. जेनेटिक काउन्सेलरनं कोणाची बाजू घ्यायची नसते. खड्ड्यात गेला तो नियम! म्हटलं, "अहो काकू, हा आजार एकट्या आईकडून येत नाही. अर्धा तुमच्या मुलानं दिलाय. आणि त्याला तो तुम्ही किंवा हे शेजारी उभे असलेले काका, दोघांपैकी कोणाकडून तरी आलाय."

हे कशाला बोलले मी? बाईनं सुनेला सोडलं, वळली आणि नवऱ्याच्या कानाखाली जाळ काढला. काकांचा चष्मा उडून भिंतीवर आपटला. ते एवढंच म्हणाले, "माझ्याकडूनच आला असेल." म्हणजे मी फक्त तिचा नेम बदलून दिला.

नंतर काकांना एकट्यांना आत बोलावलं. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला घेतलं होतं, त्यातला त्यांचा रिपोर्ट आला होता. त्यांच्या रक्तात सिकल सेलचा जीन नाहीच. मग मुलाला जीन आला तो सासूबाईंकडूनच! काकांना ते सांगताना, खरं लिहिते, मला आनंद झाला. आता हिचं थोबाड फुटेल, असं वाटलं.

काका तडा गेलेला चष्मा पुसत राहिले.

"तिला कळू देऊ नका, मॅडम. आता निदान सुनेऐवजी मला मारेल."

चष्मा डोळ्यांवर न लावता त्यांनी खिशात ठेवला आणि बाहेर तिच्याकडे गेले.