स्वामिनीचा वास

४ नोव्हेंबर, सोमवार
आले एकदाची भिलाईत. त्रेचाळिसाव्या वर्षी मिरज सोडून इतक्या लांब नोकरी धरायची म्हणजे वेडेपणा, असं वहिनी म्हणाली होती. पण घर पाहून गाणं म्हणावंसं वाटलं. वैशाली नगरात दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, अंगणात पेरूचं झाड. इथे पेरूला जाम म्हणतात. कॉलेजचं ग्रंथालय सायकलवरून वीस मिनिटं.

घर मथुराबाईंचं. मूळच्या भंडाऱ्याकडच्या, यजमान पोलाद कारखान्यात होते. आता त्या वर्षभर अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्या आहेत, वाचाही गेली आहे, आणि जवळच चरोद्याला मुलाकडे असतात. मुलगा प्रवीण रेल्वेत आहे. किल्ली त्यानेच दिली. मराठी किरायेदार भेटली, मायले लय बरं वाटन, असं म्हणाला. मलाही बरं वाटलं.

५ नोव्हेंबर, मंगळवार
किरायानाम्यावर सही केली. हिंदीत, पाच पानं. दाराला आतून कडी लावायची नाही, असं एक कलम आहे. मायले बंद दार चालत नाही, ताई, एवढंच प्रवीण म्हणाला. त्या इथे राहत नाहीत, मग काय, असं मनात आलं, पण वाद घातला नाही. दुसरं कलम: ‘स्वामिनी परिसर में बिना सूचना प्रवेश कर सकेगी.’ परिसर म्हणजे अंगण. पेरू तोडायला कुणाला पाठवतील, पाठवू देत. तिसऱ्या कलमाला मी हसलेच: ‘स्वामिनी का वास यथावत् रहेगा.’ घराला खरोखरच एक कुबट, गुळचट वास आहे. इतकी प्रामाणिक घरमालकीण मी पाहिलेली नाही!

शेवटचं, व्याख्यांचं पान वाचायचं राहिलं. प्रवीणला ड्यूटीवर जायचं होतं, आणि मला भिडस्तपणा नडला. एरवी मी औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा सोडत नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी ब्रश उचलला तर ओला होता. दाते काळे पडलेले आणि त्यांना तोच गुळचट वास. शेजारच्या रुक्माबाईंना दाखवला, तर त्या पोट धरून हसल्या. अवं, हा तं गुडाखू व्हय! तंबाखू आणि गुळाचा लगदा, इकडच्या बायका बोटाने हिरड्यांना घासतात. मथुरेच्या तोंडात तर दिवसभर बोट असे, म्हणाल्या. फोटो काढाले बसली तरी काढे नाही.

ब्रश फेकला. उलटी झाली. मग लाज वाटली. एका म्हाताऱ्या बाईच्या सवयीची एवढी किळस? माझ्या आजीकडे कामवाल्या बाईचा कप वेगळा, खिडकीत ठेवलेला असे. तोच कप माझ्या आत कुठे उरला तर नाही ना? हे कुणाला सांगण्यासारखं नाही. इथे लिहिते.

१३ नोव्हेंबर, बुधवार
नवा ब्रशही काळा. कंगव्यात हातभर लांब पांढरा केस, तेलकट. माझे केस खांद्याच्या वर आहेत. साबणाच्या वडीत बोटाएवढा खड्डा. माझ्या चहाच्या कपाला काळ्या ओठांचा ठसा होता, तोही आतल्या बाजूने.

दुसरी किल्ली कुणाकडे आहे, असं प्रवीणला फोनवर विचारलं. कुणाकडेच नाही, म्हणाला. मायले मान उचलता येत नाही, ते का येते तुमच्याकडं? मग शांतपणे म्हणाला, अन् आली तरी लिहिलं आहे ना, ताई. मी म्हटलं, फक्त परिसरात यायचं लिहिलं आहे. तो हसला. हिंदीत परिसर म्हणजे पुरं घर व्हते, ताई.

ग्रंथालयात कोश काढला. परिसर: इमारत, आतल्या सगळ्यासकट. मग भीत भीत ‘वास’ पाहिला. राहणं. निवास. दहावीपर्यंत हिंदी शिकलेली मी, पण डोळा मराठीच वाचत गेला. त्या हसण्यासारख्या ओळीत एवढंच म्हटलं होतं, की स्वामिनी राहत होती तशीच राहील.

१७ नोव्हेंबर, रविवार
चरोद्याला जाऊन आले. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणावर आळ घेऊ नये, म्हणून.

निघताना दोन भाकऱ्या, पिठलं आणि ठेचा खाल्ला होता. तरी वाटेत पोटात कोरडी आग. मथुराबाई खाटेवर, मानेखाली सगळं निपचित. ओठ काळे, तोंडाचं बोळकं. उजव्या हाताचं बोट आकड्यासारखं वाकलेलं. आठ दिवस पाण्याशिवाय काही घेत नाही माय, प्रवीण सांगत होता, तरी पाहा, अंगावर मांस चढून राहिलं. त्याने त्यांची हनुवटी पुसली. फडक्याला पिवळं पिठलं लागलं.

त्यांनी ढेकर दिली. ठेचा. माझाच, जास्त लसणाचा.

मग माझ्याकडे पाहून, वर्षभर न बोललेली ती बाई नीट, गोड आवाजात म्हणाली, “कप अलग ठेवत होते नं वं, तुह्या आजीकडं?”

१९ नोव्हेंबर, मंगळवार
कॉलेजच्या ओळखीने बळीराम वकिलांना भेटले. असलं कलम कुठेच टिकत नाही, म्हणाले. भाडेकरूने आपलं दार लावणं हा तिचा हक्क, मालकाने येण्याआधी कळवलंच पाहिजे. बिनधास्त कडी लावा, मॅडम. रडू आलं. दोन कड्या बसवून घेतल्या.

२० नोव्हेंबर
दोन्ही कड्या आतून जशाच्या तशा. माझ्या उजव्या हाताचं बोट दुसऱ्या पेरापर्यंत काळं. नखाखाली लगदा. धुतलं, दगडाने घासलं. तोंडात बोट घालून पाहिलं नाही. ते कुठे जाऊन आलं होतं, ते जिभेला माहीत होतं.

२१ नोव्हेंबर
घर सोडलं. शेजारच्या दुर्ग शहरात लॉजवर. नवा ब्रश, नवी पेस्ट, सीलबंद पाणी. दुपारी आरशात पाहिलं, हिरड्या काळ्या. जीभ सारखी खालच्या दाढा चाचपते. एकेक करून, मोजल्यासारखी, खूश होऊन. माझ्या दाढांचं मला कधी एवढं कौतुक नव्हतं.

घर तर तिकडे आहे. मग ही इथे कशी?

२२ नोव्हेंबर
शेवटचं पान वाचलं.

‘परिसर से तात्पर्य है मकान, आँगन, नल, वृक्ष एवं किरायेदार.’

एवं किरायेदार. आणि भाडेकरू, म्हणजे मी. विनासूचना प्रवेश. आतून कडी नाही. वास यथावत्.

खाली माझी सही. सुवाच्य, तारखेसकट. कुणी बळजबरी केली नव्हती — हे मी का लिहिते? तिच्या बाजूने का लिहिते?

२४ नोव्हेंबर
वकिलांकडून नोटीस लिहून घेतली. पाठवणार, तेवढ्यात प्रवीणचा फोन. रडत होता. माय गेली, ताई. आत्ताच.

वाईट वाटलं, खरंच वाटलं. आणि सुटले असंही — त्याची शरम —

त्याने नाक ओढलं. मग हळूच विचारलं, पोचली का?

२५
तोंड मिटत नाही. बोट बाहेर काढलं की पुन्हा — डाव्या हाताने धरून ठेवलं आहे. नाही, उजव्यानेच तर लिहिते. मग आत कोणतं —

थुंकी गोड लागते. गिळली. मी गिळली नाही.

मी सुनीता. मिरज. ग्रंथपाल. केस खांद्याच्या वर.

घरी आले. कधी आले? अंगणात जाम पिकून राहिले. पेरू. पेरू पिकत आहेत. पेरू —

नोटीस फाडलेली. बारीक बारीक. तोंडात कागदाची चव.

बाई चांगली आहे. पोटभर जेवते. कप अलग ठेवत नाही. दात समदे साबूत. आतून कडी नाही. मले अजून काय पायजे, मले तं