दहापैकी किती

सोमवार, ४
नव्या नोकरीचा पहिला दिवस झकास गेला! स्वच्छ वॉर्ड, आठ खाटा, खिडकीतून भरपूर ऊन. मोठ्या सिस्टरांनी काम समजावलं. दर चार तासांनी प्रत्येकाला दुखणं दहापैकी किती ते विचारायचं, चेहराही बघायचा, मग आकडा तक्त्यावर लिहायचा. तीनपर्यंत गोळी, सातच्या वर इंजेक्शन. खाडाखोड चालत नाही. चुकलं तर खाली नवी ओळ. पोटाचं ऑपरेशन झालेले टेलरकाका माझा ढगळ युनिफॉर्म बघून म्हणाले, घरी सोडलं की आधी हा मापात आणतो. मला हसू आवरेना.

मंगळवार, ५
काकांनी सकाळी दुखणं दहापैकी एक सांगितलं. घाईत माझा १ अगदी ९ सारखा झाला. दहा मिनिटांत काका घामाघूम, उशी दातांत धरलेली. मोठ्या सिस्टर तक्ता बघून इंजेक्शन भरायला लागल्या. मी धांदरटपणा कबूल केला आणि खाली ठसठशीत १ लिहिला. काका त्याच क्षणी शांत झाले. सुई अजून टोचलीही नव्हती.

बुधवार, ६
योगायोग नव्हता. कोपऱ्यातल्या आजी आठ म्हणाल्या, मी मुद्दाम २ लिहिला. त्यांना गाढ झोप लागली. मग काकांना शून्य देऊन टाकलं. त्यांची मुलगी माझे हात धरून रडली. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

गुरुवार, ७, सकाळ
काका वॉर्डभर फिरतायत, सगळ्यांची थट्टा करतायत. पण अंग तापलंय. पोट फळीसारखं कडक, दाबलं तरी हसतात. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी दुखणं किती विचारलं. शून्य म्हटल्यावर म्हणाले, दुपारी बघू.

दुपार
नाडी धावतेय. ओठ निळे. तरी हसतायत. मला भीती वाटतेय. नवी ओळ लिहिते, शाई उमटत नाही. पेन बदललं. नाहीच.
शून्याच्या आधी जागा आहे. एकच आकडा मावेल. पण दहा— माझ्या हातानं— त्यांना—
लिहिला.

चार वाजता
ती किंकाळी कानातून जात नाही. डॉक्टर धावत आले, तसंच आत नेलं. आतडं फाटलं होतं, अर्धा तास उशीर झाला असता तर— पण वाचले. काका वाचले!
टेबलावर नवा तक्ता आहे. पहिल्या ओळीत माझं नाव. अक्षरही माझं. मी लिहिलेलं नाही. पुढे १.
एकच ना. एवढं सोसेन. त्यांना तर मी—
पोटात कळ आली. बारीकच. थांब— एकाच्या पुढे काहीतरी गोल उमट—