चढावरची काच

अण्णा, चाचांनी “पानी मारा क्या?” असं विचारलं आणि बॉयलरमध्ये थेंबभर पाणी न सोडता मी “मारलं” म्हणालो, तिथंच सगळं फिरलं. एका शब्दाचं खोटं. परवाची गोष्ट. आज अकरा वाजता चौकशी आहे, आत्ता साडेनऊ झालेत, आणि मी तुम्हाला लिहीत बसलोय. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली. पण या चुकीचं वजन न समजावता ज्याला कळेल, असं या घरात दुसरं कुणी नाही.

चाचा म्हणजे तुमचेच चाचा, छोट्या लाईनच्या इंजिनावर, तुम्ही कोळसा मारत असताना तुमच्या शेजारी उभे राहून ज्यांनी उमर घालवली ते ड्रायव्हर. हल्ली हिवाळ्यात जुन्या वाफेच्या इंजिनाच्या खास गाड्या निघतात. कुर्डुवाडीहून बार्शी, तिथून पुढं बालाघाट डोंगराचा चढ. लांबलांबून हौशी लोक येतात, गळ्यात दोन-दोन कॅमेरे. पोचायची घाई कुणालाच नसते. ते इंजिन चालवायला चाचांना घरून बोलावून आणतात. मी त्यांच्या हाताखाली कोळसा मारतो. कॉलेज दुसऱ्या वर्षालाच सोडलं. सर भर वर्गात “कोळसेवाल्याचं पोरगं” म्हणाले, मी ड्रॉइंगबोर्ड त्यांच्या टेबलावर आपटला आणि निघालो, परत गेलोच नाही. आईला सांगितलं की इंजिनाच्या ओढीनं आलो. ओढ होती, पण ती इंजिनाची नव्हती. माझ्याच वर्गातली एक मुलगी या गाड्यांवर माइकवरून प्रवाशांना माहिती सांगते. तिच्यासाठी आलो. चाचांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. “क्या देखरा बे? कांच देख, छोकरी नक्को देख. छोकरी फटती नै, बॉयलर फटता.”

काचेचं तर तुम्ही मला आठव्या वर्षीच शिकवलं होतं. आई भाकरीचं पीठ काढतीये, तुम्ही तिच्या हातातली परात ओढून घेता, तांब्याभर पाणी ओतता आणि एक बाजू उचलता. “ही चढाची बाजू. पाणी कुटं गेलं?” मी म्हणतो, “मागं.” “व्हय. आन् पाणी दाखवणारी काच बी मागंच, आपल्या तोंडाशी. म्हणून चढावर काच भरलेली दिसती. खोटं बोलती ती.” मग “आता माथा संपला, उतार लागला” म्हणत तुम्ही परात उलटी कलंडवता, पाणी सर्रकन पुढं पळतं आणि मागचं पितळ उघडं पडतं. “खाली भट्टी धगधगतीय आन् वर पाणी न्हाय. माथ्याच्या आधी पाणी भरलं न्हाईस, तर संपलं.” मला हसू आलं, कारण पाणी आईच्या पायावर सांडलं होतं. तुम्ही माझा कान असा पिरगळलात की दोन दिवस लाल होता. आई म्हणाली, “परात द्या माझी. लेकराला काय आत्ताच डायवर करताय?”

परवा चढाच्या पायथ्याशी गाडी थांबली. हौशी लोक उतरून शेतात रांगेनं उभे राहतात, गाडी मागं जाते आणि पुन्हा धूर सोडत त्यांच्यापुढून धावते, फोटोसाठी. माइकवाली ती पण उतरली होती, ज्वारीच्या कडेला, हातात मोबाईल. जाताना म्हणाली, “काळा धूर काढ हां, फिकट नको.” मी फावड्यामागून फावडं मारलं. धूर असा निघाला की लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांना घेऊन गाडी चढाला लागली. आता पाणी भरायची वेळ होती. पण गार पाणी आत गेलं की वाफ बसते, आणि चढावर इंजिन धापा टाकायला लागलं असतं तर मागच्या डब्यातून तिनं ते ऐकलं असतं. काच भरलेली दिसत होती. मला परात आठवली, अण्णा. आठवली, आणि तरीही मी “मारलं” म्हणालो. चाचांनी मान हलवली, नजर रुळांवर ठेवली. तुमच्या पोराचा शब्द काचेवर तपासायची त्यांना गरज वाटली नाही.

माथा ओलांडला आणि काचेतलं पाणी गेलं. कमी झालं नाही, गेलं. भट्टीच्या छतातला, वरचं पाणी हटलं की वितळणारा शिशाचा प्लग वितळला, वाफ आत घुसली आणि भट्टीच्या दारातून पांढरा लोट बाहेर आला. मी दारासमोरच फावडं घेऊन उभा. चाचांनी मला कोपरानं बाजूला ढकललं आणि उघड्या हातानं दार लावलं. गाडी थांबवली. मग हाताकडं बघितलं, कोपरापर्यंत कातडं सुटलं होतं. मला फक्त एवढंच म्हणाले, “तेरेकू लगा क्या?”

खाली उतरल्यावर ती धावत आली. मी चाचांना धरून उतरवत होतो, तेवढंच तिनं पाहिलं. माझा हात धरला. “तू होतास म्हणून ते वाचले,” म्हणाली. सहा महिने ज्या हाताची वाट पाहिली, तो हात माझ्या हातात होता, आणि मी तो तसाच धरून ठेवला.

काल दवाखान्यात गेलो. चाचांनी डाव्या हातानं जबाब लिहून ठेवलाय: पाणी बघणं ड्रायव्हरचं काम, चूक माझी. मी म्हणालो, “चाचा, मी खोटं बोललो होतो.” “मालूम है. पानी मारता तो वाफ बैठती. बैठी नै.” “मग?” “मग क्या. मेरे कितने फेरे बचे? तेरी तो शुरुवात है. चूप बैठ.” तो जबाब चौकशीच्या साहेबांकडं गेला की चाचांना पुन्हा कुणी इंजिनावर चढू देणार नाही. मी बोललो तर मला चढू देणार नाहीत, आणि तिलाही कळेल की तिनं कुणाचा हात धरला होता.

खाली तिच्या स्कूटीचा हॉर्न वाजतोय. चौकशीला मला सोडायला आलीय. स्टेशनापर्यंत दहा मिनिटं लागतात, त्या दहा मिनिटांत आधी तिला सांगायचं, मग साहेबांना, असं ठरवलंय. आई विचारतीये, “काय लिहितोयस रं एवढं?” काही नाही म्हणालो. हा कागद गादीखाली ठेवतोय. एक सांगतो अण्णा, साहेबांपुढं काय बोलायचं ते सकाळपासून मनात चारदा बोलून बघितलं, आणि चारही वेळा “चाचांनीपण बघायला हवं होतं” असं एक वाक्य मधे घुसलं. पाचव्यांदा बोलून बघत नाही. आता पेन ठेवतो, चपला घालतो आणि जिना उतरतो.