माइक चालू होता

धायरी, पुणे
५ ऑक्टोबर २०१०

प्रिय इंद्रजीतदादा,

साष्टांग नमस्कार लिहायची सवय आहे, पण आज हात वळत नाही. नुसता नमस्कार.

फोनवर तू माझं अर्धंच ऐकतोस, म्हणून पत्र. वहिनीचा गुडघा आता बरा असेल. आमच्याकडे पाण्याची नेहमीचीच बोंब.

दसऱ्याला तुमच्या फ्लॅटच्या बुकिंग ऑफिसच्या उद्घाटनात आपला व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावायचा, ही तुझी कल्पना मला पसंत आहे. आमच्या कंपनीच्या स्पर्धेत त्याला दुसरं बक्षीस मिळालं. ज्या इंग्रजी कादंबरीवरून तो केला ती तू वाचली नाहीस, पण जग संपल्यावर उरलेला शेवटचा माणूस झकास केलास. खराडीत एवढी उजाड जागा कुठे सापडली, असं सगळे विचारत होते. आईच्या जमिनीत इमारतीच्या पायासाठी तू खणलेले खड्डे आहेत, हे मी सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र तुला ठाऊक नाही. शॉट संपला की तू बाजूला जाऊन बिल्डरशी फोनवर बोलायचास. शर्टाला लावलेला माइक काढायचं तुझ्या ध्यानात राहिलं नाही, आणि माझ्याही. एडिटिंगला बसले तेव्हा हेडफोनमधून तुझा आवाज आला: "राजूची काळजी करू नका. वारसनोंदीचे कागद म्हणून सांगितलं, केली तिनं सही. आबांना म्हणलं, राजूलाच विकायचंय. दोघं एकमेकांशी बोलत न्हाईत, कळतंय कुणाला?"

आईच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तू पुढे केलेलं ते हक्कसोडपत्र होतं. रडून माझे डोळे सुजले होते. भावाने दिलेला कागद कोण वाचतं?

हक्काचं एक वेळ राहू दे. आईची जमीन मी विकायला लावली, असं समजून आबा दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. मी तुला राखी बांधायला यायचे आणि ते उठून आत जायचे. तू पेढा खात बसायचास. हे मी तुला माफ करणार नाही.

स्पर्धेला तो आवाज वगळूनच पाठवलं. पुसून टाकावा असंही वाटलं. मग गेल्या सोमवारी तू साइटवर असताना घरी आले आणि हेडफोन आबांच्या कानांना लावला. त्यांनी दोनदा ऐकलं, पिशवीत कपडे भरले आणि माझ्याबरोबर निघाले. वहिनीला वाटलं, बाप-लेकीचं जमलं. जमलंच.

व्हिडिओचा शेवट मी आता बदलला आहे. तू त्या खड्ड्यांमधून एकटा चालत जातोस आणि मागे तुझं ते बोलणं ऐकू येतं. सगळ्या भावकीला आमंत्रण दिलंस ते बरं केलंस. कार्यक्रम रद्द करायचा असेल तर अजून बारा दिवस आहेत. सीडीच्या प्रती काढून ठेवल्या आहेत, घरटी एक पोचेल.

आबांना विचारलं, लावू का? ते म्हणाले, "लाव. आवाज मोठा ठेव."

मोठ्यांना नमस्कार सांग, असं लिहीत नाही. मोठे आता माझ्याकडे आहेत.

तुझी धाकटी बहीण,
राजनंदिनी