सईच्या हातावरचं दही

घणसोली, शुक्रवार संध्याकाळ

आज घेतलं: गुडघ्याचा पट्टा ६४०, बर्फाची पिशवी १५०, दही २५. पट्टा महाग पडला, पण घासाघीस केली नाही.

दह्याचंच मनात राहिलंय. सईच्या कॉलेजची आज बास्केटबॉलची सेमीफायनल. पहिल्याच वर्षी टीममध्ये आली आणि गेल्या आठवड्यात गुडघा दुखावला. डॉक्टर म्हणाले, हा सीझन विसर. मॅच बघायलाही जाणार नाही म्हणत होती. आणि मी? मॅचच्या दिवशीची सवय. देवापुढून उठले ती थेट तिच्या हातावर दही-साखर ठेवली. ठेवल्यावर कळलं. असं कसं करते मी?

ती हाताकडे बघत राहिली. "आई, बाकावर बसायला दही खाऊ?"

"खा. बाकावरच्यांना काय देव वेगळा असतो?"

हसली, डोळे पुसले, दही चाटून टाकलं. "थोडं डब्यात दे. माझ्या जागी सानिया खेळणारेय. तिच्या हातावर मीच ठेवते."

लंगडत गेली. बसने जा म्हणवलं नाही, रिक्षाच करून दिली.

आत्ता मेसेज टाकलाय: हरलात-जिंकलात ते घरी सांग. तू कशी आहेस, तेवढं लगेच कळव.