ओवाळणीतला मॉनिटर

९ फेब्रु., सोमवार. अमरावती
दुकान उघडताच तमाशा. चांदूरच्या पार्टीच्या लग्नपत्रिका छापून, घड्या घालून तयार, आणि 'विनीत'मध्ये नवरीच्या थोरल्या काकांचं नावच नाही! नवरीचे वडील डोक्याला हात लावून बसले. "भाऊ, आता माहा मोठा भाऊ मांडवात पाय तरी ठेवीन काय?" खरं आहे. आमच्याकडे भाजीत मीठ कमी पडलं तर चालतं, पत्रिकेत नाव सुटलं तर दोन पिढ्या बोलणं बंद.

कंपोझ नंदाचं. धाकटी बहीण म्हणून अकोल्याला घरबसल्या काम देतो, तर हे. पुन्हा छापून देतो म्हणून पार्टीला शांत केलं आणि तिला फोन लावला. पार्टी अजून पायरीवरच होती. "डोळे कुठं असतात तुझे?" असं ओरडलो. ती एवढंच म्हणाली, "चुकलं, दादा."

प्रूफ मीही पाहिलं होतं. ते दुपारी आठवलं. परत फोन केला नाही.

११ फेब्रु.
जेवताना सौ.नं विषय काढला. नंदाशी बोलली होती. दिवाळीपासून तिच्या डोळ्यांतून पाणी येतं, कपाळ ठणकतं. तपासून आली, नंबर नाही, थेंब दिलेत. "मले सांगत होत्या, दादाले सांगू नका, मनाले लावून घेते."

दिवाळीपासून. म्हणजे मॉनिटरपासून.

दुसरी भाकरी घेतली नाही.

ही वही कोणी वाचत नाही, म्हणून लिहून ठेवतो. तो मॉनिटर दोन वर्षं माझ्या टेबलावर होता. दोन तास बसलं की डोळ्यांत तिखट गेल्यासारखं व्हायचं. म्हणून दसऱ्याला मी स्वतःसाठी नवा घेतला आणि तो चमकीच्या कागदात बांधून भाऊबीजेला नंदासमोर ठेवला. जुना आहे, पण मोठा आहे, एवढंच सांगितलं. का काढला, ते नाही सांगितलं. केवढी खूश झाली होती! त्याच्या कोपऱ्याला कुंकू लावलं तिनं.

१३ फेब्रु.
प्रिंटर बसला होता म्हणून दुरुस्तीवाल्या विलासला बोलावलं. सहज विचारल्यासारखं केलं. तो म्हणाला, काही स्क्रीन अशाच असतात. उजेड कमी केला की बारीक लुकलुकतात. डोळ्यांना दिसत नाही, पण डोळे थकतात. "जितका ब्राइटनेस कमी, तितकी लुकलुक जास्त. मोबाइलचा कॅमेरा धरून पाहा, काळे पट्टे पयताना दिसतीन."

डिसेंबरात नंदा म्हणाली होती, स्क्रीन डोयाले लागून राहिली. मी मोठा शहाणा. ब्राइटनेस कमी कर म्हणालो, आणि वर, सवय होते.

१५ फेब्रु., रविवार. अकोला
महाशिवरात्र. बडनेऱ्याहून गाडीनं आलो. नंदाचे डोळे लाल, पापण्या सुजलेल्या. तरी आल्या आल्या माझ्याच तब्येतीची चौकशी. ती भगर करायला आत गेली तेव्हा मॉनिटर सुरू केला. ब्राइटनेस दहावर. मी सांगितलं तसा. मोबाइल धरला. पत्रिकेतल्या नावांवरून काळे पट्टे सरकत होते, वरून खाली, थांबतच नव्हते. मोबाइल खिशात टाकला.

ताट घेऊन आली तेव्हा म्हणालो, उद्या दुसरा आणू.
"काहून? चांगला तं आहे." मग ताट ठेवता ठेवता, "दादा, तुले होत होता काय रे याचा तरास?"
"नाही ना."

लगेच निघालं तोंडातून. उपवासाच्या दिवशी, तिनं वाढलेल्या ताटावर बसून.

१६ फेब्रु. अकोला
नंदाला घेऊन दुकानात गेलो. पेन ड्राइव्हमध्ये चांदूरची पत्रिका नेली होती. दुकानदार रंगीत माशांचे व्हिडिओ दाखवत होता. म्हटलं, मासे राहू द्या, ही नावं दाखवा. पहिला चकचकीत, नावांपेक्षा नंदाचं तोंडच जास्त दिसत होतं. दुसऱ्याचा उजेड कमी करून मोबाइल धरला, पट्टे आले. दुकानदार म्हणे, "लोक रंग पाहतात, किंमत पाहतात. तुमी फोटो काहून काढून राहिले?" तिसरा चोवीस इंची. काचेला चमक नाही, स्टँड वर-खाली होतो. ब्राइटनेस पार खाली नेला, एक पट्टा नाही.

नंदा हातभर लांब बसली आणि बारीक अक्षरातली नावं घडाघडा वाचत गेली. थोरल्या काकांचंही, आता घातलेलं. मला तिकडे पाहवेना. रॅकवरच्या वायरी पाहत उभा राहिलो.
"ओवाळणी एकदाच असते, दादा. आता कायले?"
म्हटलं, दुकानाचं काम करतेस, दुकानाचा मॉनिटर आहे.

२० फेब्रु. अमरावती
नंदाचा फोन. थेंब बंद केले, कपाळ दुखत नाही. दहा-बारा दिवसांनी मोकळा हसलो. सौ.ला म्हटलं, आज भजी कर.

मग भाचीनं, रियानं, फोटो पाठवला. तिचं अभ्यासाचं टेबल आणि त्यावर तो जुना मॉनिटर. कोपऱ्यात कुंकू अजून आहे. "मामा, मम्मीनं मले देला. सीईटीचे सराव पेपर यावरच सोडवते."

नंदाला लगेच फोन लावला. भंगारात का नाही दिला?
"भावाची ओवाळणी कोनी भंगारात देते काय? तुले दोन वर्षं काही झालं नाही, म्हनजे त्याच्यात खोट नाही. माहेच डोये नाजूक. पोरीचे चांगले आहेत."

"बरं," म्हणालो. बरं! भजी तशीच राहिली.

२१ फेब्रु.
दुकानात मन लागेना. दुपारी फोन लावला. रियानं उचलला. मम्मी बाजारात गेली होती.
"त्या मॉनिटरचा ब्राइटनेस किती ठेवला?"
"दहा. मम्मी म्हने, मामानं सांगतलं कमी ठेव म्हनून."
"मामाचं चुकलं होतं. पूर्ण ठेव. नाहीतर बंदच ठेव."
"काहून, मामा?"

सतरा वर्षांची पोर, किती साधं विचारलं तिनं. म्हटलं, मम्मी आली की फोन करायला सांग, मला तिला काही सांगायचं आहे.
"मले सांगा ना, मी सांगते तिले."
"नाही. मलाच सांगावं लागेल."

सहा वाजले. बाजारातून एव्हाना आली असेल. फोन आला नाही. मीही केलेला नाही.